आत्याचा बोका आणि देशाचा कार्बन

नमस्कार, श्रोतेहो. आपल्या देशाची जमीन, म्हणजे जंगलं, शेतं, माळरानं, खाडीचा चिखल, हवेतला किती कार्बन पोटात घेते? आणि हे मोजतात कसं? आजचा विषय हा. त्यासाठी आधी ठाण्यात, चेंदणीला, आमच्या आत्याकडे जाऊ. तिच्या बोक्याला भेटायला.

बोक्याचं नाव गोट्या. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दर रविवारी याचं वजन लिहून ठेवा. आता बोका काट्यावर थोडाच उभा राहतो! आत्याने गोट्याला काखोटीला मारलं आणि स्वतःच काट्यावर चढली. भरले चौसष्ट. त्याला सोडून एकटी चढली. साठ. वजाबाकी केली, बोका चार किलो. पुढच्या रविवारी तोच प्रयोग केला, तर बोका अडीच किलो! मला फोन, "अरे, गोट्या वाळला रे, लवकर ये."

मी पोचलो तर गोट्या फ्रिजवर पसरलेला, चांगला गुटगुटीत. खोदून विचारलं तेव्हा कळलं: बोक्यासकट वजन झालं उपाशीपोटी आणि एकटीचं झालं दोन थालीपिठं, पेलाभर ताक आणि चहानंतर. शिवाय काटा अर्धा किलो इकडेतिकडे करणारा. (सुईच्या काट्याची सुई निदान थरथरते तरी. डिजिटल काटा चुकीचा आकडासुद्धा छातीठोकपणे दाखवतो. माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही.)

आत्या हार मानणारी नव्हे. तिने खाणं मोजायला घेतलं. वाटीभर दूध, मूठभर दहीभात, सगळं वहीत. त्या हिशेबाने गोट्या झडायला हवा होता, आणि तो तर फुगत चाललेला. तिसऱ्या आठवड्यात उलगडा झाला. गोट्या रोज दुपारी समोरच्या बिऱ्हाडात बोंबील खाऊन येत होता! आत्याच्या सोवळ्या वहीत बोंबलांना रकानाच नव्हता.

तर श्रोतेहो, देशाच्या कार्बनचं हे असंच आहे. पहिली रीत साठ्याची. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाची माणसं ठरावीक जागी झाडाचा घेर मोजतात, छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर. त्यावरून लाकडाचं वजन काढतात. सुक्या लाकडातला साधारण निम्मा भाग कार्बन. २०२३ च्या अहवालात आपल्या जंगलांतला साठा आहे ७२८ कोटी ५५ लाख टन, आधीच्या मोजणीपेक्षा ८ कोटी १५ लाख टन जास्त. पुन्हा सांगतो: साठा ७२८ कोटी, वाढ ८ कोटी. ७२८ ही आत्या, ८ हा बोका. शंभरात जेमतेम एक! आत्याच्या मापात बोकासुद्धा नव्हे, पाऊण किलोचं पिल्लू. काटा किंचित हलला की पिल्लू गायब.

(घेरावरून आठवलं. आपल्याकडे फुटपाथवरच्या झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओततात, आणि पाच जूनला तिथेच रोपं हातात घेऊन फोटो काढतात. असो.)

दुसरी रीत हवेकडून. २०१४ पासून फिरणारा ओसीओ-२ उपग्रह हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतो. वारा कुठून आला ते गणितात घालून, धुरांड्यांचा वाटा वजा करून, शास्त्रज्ञ मागे जमिनीपर्यंत पोचतात. पण वाऱ्याला कुठली आलीय सरहद्द? एका देशाची हवा दुसऱ्याच्या हवेत मिसळलेली. त्यामुळे दोन्ही रीतींची उत्तरं सहसा जुळत नाहीत.

आणि बोंबील कुठे? मातीत. आपल्या जंगलांतला निम्म्याहून अधिक कार्बन मातीत आहे, आणि झाडाला टेप गुंडाळून तो कळत नाही, खणून नमुना न्यावा लागतो. आपली ठाणे खाडी घ्या, २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. तिवरांखालच्या चिखलात प्राणवायू पोचत नाही, पालापाचोळा कुजता कुजत नाही, कार्बन तिथेच मुक्कामाला. ऐरोलीच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावता ना, तोच चिखल!

आत्याने पुढे वहीत एक रकाना वाढवला: 'समोरचं'. रोज संध्याकाळी ती समोरच्या वहिनींना विचारते, "आज किती?" वहिनी दोन सांगतात. आत्या तीन लिहिते.