७२ तास आणि चिठ्ठीची खिडकी

श्रोतेहो, नमस्कार.

मेडिकल, मेयो, डागा... नागपुरात सरकारी दवाखान्यापर्यंत पोचणं अवघड नाही. अवघड असते ती चिठ्ठीची खिडकी. मागे रांग, समोरून मोठ्यानं प्रश्न, "काय त्रास आहे?" लैंगिक आरोग्याचा त्रास घेऊन आलेली कितीतरी मुलंमुली इथूनच परत फिरतात. तिथं त्रास सांगू नका. "स्त्रीरोग", "स्किन" किंवा एचआयव्ही तपासणीसाठी "आयसीटीसी" एवढंच म्हणा. बाकीचं आत, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला सांगा. १० ते १९ वयाच्यांसाठी 'मैत्री' क्लिनिकही असतं. त्याची चौकशी करा.

पण वेळ घालवू नका. असुरक्षित संबंधानंतरची तातडीची गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, ७२ तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर, तितकी उपयोगी. ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते, म्हणून गर्भ राहून गेल्यावर तिचा काही उपयोग नाही. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. ७२ तास उलटले तरी पाचव्या दिवसापर्यंत तांबी बसवता येते. एचआयव्हीची भीती असेल तर २८ दिवसांची प्रतिबंधक औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. शनिवारी रात्री काही घडलं तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका, कॅज्युअल्टीत जा.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती औषधाच्या दुकानातून गुपचूप आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांची. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटून जिवावर बेततं. शिवाय गर्भाचे दिवस मोजण्यात चूक होते. ते संबंधाच्या दिवसापासून नव्हे, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणून ती तारीख लिहून ठेवा.

१८ पूर्ण झालेल्या मुलीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते. ना नवऱ्याची, ना आईवडिलांची. अविवाहित असणं कायद्यात आड येत नाही. १८ च्या आत पालकाची लेखी संमती लागते आणि डॉक्टरांना पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानुसार, मुलीनं आणि पालकांनी विनंती केल्यास त्यात तिचं नाव उघड करावं लागत नाही. या भीतीपोटी भोंदूकडे जाऊ नका.

एचआयव्हीबद्दल आधी फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे.

आणि खिडकीवर बसणाऱ्या ताई-दादांनो, "लग्न झालं का?" हे तिथं विचारू नका. पाळीची तारीख आत डॉक्टर विचारतील.