लिफाफा उघडण्याआधी

(वेंगुर्ले तालुक्यातील सरपंच व ग्रामपंचायत सदस्यांसमोर पावसाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, ग्रामसभेत खरेदीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "केवढ्याला घेतलं?" प्रश्न रास्त आहे, पण तो विचारेपर्यंत बिल निघालेलं असतं. माझं ठाम मत आहे की खरी स्पर्धा होणार की नाही, हे निविदेच्या अटी लिहिल्या जातात त्याच दिवशी ठरतं.

1979 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक सदस्याला माहीत असायला हवा. रमणा दयाराम शेट्टी यांचा खटला. मुंबईच्या विमानतळावर एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायला द्यायचे होते. अट होती की अर्जदार किमान 5 वर्षांचा अनुभव असलेला, दुसऱ्या श्रेणीचा नोंदणीकृत हॉटेलचालक हवा. काम मिळालं ते ही अट पूर्ण न करणाऱ्याला, म्हणून शेट्टी न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितलं, सरकारी संस्थेने घातलेली अट आधी तिलाच बांधते. लहर आली म्हणून ती सोडून देता येत नाही. अट वाचून 'हे आपल्याला जमणार नाही' म्हणत जे घरी बसले, त्यांच्यावर तो अन्याय होतो. जो आलाच नाही, त्याचाही हक्क न्यायालयाने मोजला! आणि तरीही शेट्टींची याचिका फेटाळली गेली. त्याचं एक मोठं कारण उशीर. ते न्यायालयात जाईपर्यंत पाच महिने उलटले होते आणि कंत्राटदाराने पैसे गुंतवले होते.

आता आपल्या गावात या. समजा पथदिवे घ्यायचे आहेत. तांत्रिक तपशिलात एकाच कंपनीच्या मॉडेलचं वर्णन उतरवलं, की बाकीचे विक्रेते तिथेच बाद झाले. साध्या दिव्यांसाठी भलत्याच मोठ्या उलाढालीची अट घातली, की कुडाळ-सावंतवाडीचा प्रामाणिक दुकानदार अर्जच भरत नाही. नंतर तीन लिफाफे आले म्हणून आपण समाधान मानतो. पण तीन कोटेशनं एकाच टेबलावर लिहिलेली असू शकतात. याला 'रिंग' म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3 मध्ये असं संगनमत थेट निषिद्ध आहे.

स्पर्धा टाळण्याची दुसरी वाट खरेदीचे तुकडे पाडण्याची. राज्याच्या 1 डिसेंबर 2016 च्या खरेदी नियमपुस्तिकेत ई-निविदेची, म्हणजे ज्यापुढे ऑनलाइन निविदा काढावीच लागते ती, मर्यादा 3 लाखांची होती. अशा मर्यादा शासन निर्णयांनी बदलतात, म्हणून चालू आकडा पंचायत समितीत लेखी विचारून घ्या. सहा लाखांची खरेदी वाडीवार तीन भागांत दाखवली की मर्यादा चुकवता येते, आणि नेमकं हेच करू नका असं नियम सांगतात. गरज एक असेल तर खरेदीही एकच धरायची.

वेळेबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे कोकणाचं गणित वेगळं आहे. जून ते सप्टेंबर साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), पाखाडी (पायऱ्यांची वाट), गटार यांतलं काहीच बांधता येत नाही. दिवाळीनंतर काम सुरू व्हायला हवं. प्रत्यक्षात मंजुरीला फेब्रुवारी उजाडतो, मार्चअखेरची घाई होते आणि निविदेला जेमतेम आठवडा मिळतो. जागा पाहायला, जांभा कुठून आणायचा ते ठरवायला, दर काढायला बाहेरच्या ठेकेदाराला सवडच राहत नाही. ज्याला आधीपासून माहीत आहे तोच भरतो. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत जाहीर निविदेला साधारणपणे किमान तीन आठवड्यांची मुदत आहे, ती याच कारणासाठी. ऐन गणपतीत सूचना लावली तर मुदत कागदावर पूर्ण दिसेल, पण ती वाचणारा माणूस आरतीत असेल.

सर्वांत कमी दर म्हणजे गावाचा फायदा, हेही डोळे मिटून धरू नका. अंदाजपत्रकापेक्षा फारच 'बिलो', म्हणजे खालच्या दराने, गेलेला ठेकेदार सिमेंटमध्ये हात आखडतो आणि पहिल्याच पावसात ते दिसतं. अशा वेळी त्याच्याकडून दराचं लेखी विश्लेषण मागा, जादा सुरक्षा ठेव घेण्याची तरतूद वापरा आणि मोजमाप पुस्तिकेवर (झालेल्या कामाची मापं जिथे नोंदतात तिच्यावर) सही होण्याआधी कामावर जाऊन या.

सदस्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 नुसार पंचायतीच्या कामात किंवा करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असला की सदस्यत्व जातं. भागीदाराच्या आडून घेतलेला हिस्साही त्यात येतो.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत करता येतो आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. पण तोवर वर्क ऑर्डर निघून जाईल. म्हणून अंदाजपत्रकं पावसाळ्यातच तयार करून घ्या. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत येत्या हंगामातल्या सगळ्या खरेद्या आणि कामं, त्यांच्या अटींच्या मसुद्यासह, वाचून दाखवायला सांगा. ज्या अटीचं कारण सांगता येत नाही ती तिथेच खोडायला लावा, ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि निविदा गणपती विसर्जनानंतर काढा.