विहिरीत सोडलेली तार

[काळा पडदा. हातरहाटाची करकर.]

५ सप्टेंबर १९२७. फ्रान्समधल्या अल्सास प्रांतातलं पेशेलब्रॉन. इथल्या जमिनीतून तेल झिरपतं, हे लोकांना शतकानुशतकं ठाऊक. पण आज सगळ्यांचे डोळे एका केबलवर आहेत.

ऑन्री डॉल आणि त्याचे सोबती ती तेलविहिरीत सोडतात. टोकाला इलेक्ट्रोड, म्हणजे वीज सोडायचे आणि मोजायचे धातूचे तुकडे, बांधलेत. मग रहाट फिरवत केबल वर ओढायची. एक मीटर आला की थांबायचं, काटा बघायचा, आकडा लिहून घ्यायचा. पुन्हा एक मीटर. तासन्‌तास हेच.

[कागदावर पेन्सिल. ठिपके जोडत एक वेडीवाकडी रेघ उमटते.]

कल्पना डॉलच्या सासऱ्यांची, कॉनराड श्लुंबर्जे यांची, आणि जोडीला त्यांचा भाऊ मार्सेल. खाली कोणता दगड आहे ते कळायला हवं. पण खोदताना त्याचा भुगा होतो, आणि दगडाचा अख्खा दांडा कापून वर काढायचा तर वेळ जातो, पैसाही. त्यापेक्षा दगड खालीच राहू दे, वीज पाठवू.

दगडातले खनिजकण बहुतेक वेळा वीज वाहू देत नाहीत. वाट देतं ते छिद्रांतलं खारं पाणी. त्यामुळे खारट पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात रोधकता, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी आणि रेघ डावीकडे. त्याच छिद्रांत तेल शिरलं, की रेघ उजवीकडे उसळते.

इथे नवखा हमखास फसतो. छिद्रंच नसलेला घट्ट चुनखडकही रेघ उजवीकडे नेतो, आणि गोडं पाणीही. खरं सांगायचं तर या तारेला तेल दिसतच नाही. खारं पाणी कुठे नाही, एवढंच कळतं.

म्हणून सोबतीला दुसरी रेघ आली. १९३१ च्या सुमारास लक्षात आलं, की वीज न सोडताही विहिरीत थोडा विद्युतदाब आपसूक तयार होतो. शेल या चिकणमातीच्या खडकासमोर ही रेघ जवळपास सरळ चालते, सच्छिद्र वाळूसमोर बाजूला सरकते. आता दोन्ही रेघा शेजारी ठेवून वाचता येऊ लागल्या. १९४२ मध्ये शेल या तेल कंपनीतल्या गस आर्चीने गणितही मांडलं: दगडाची सच्छिद्रता, पाण्याची आणि थराची रोधकता माहीत असली, की छिद्रांतला किती भाग पाण्याने व्यापलाय ते काढता येतं. उरलेला भाग तेलाचा, नाहीतर वायूचा.

[समुद्र. तेलफलाट. केबलचं भलंमोठं रीळ.]

आज आकडे थेट संगणकात जातात. तरी मुख्य नोंद बहुधा वर येतानाच घेतात. खाली जाताना उपकरण कुठे अडलं तर केबल सैल पडते आणि खोली चुकते. वर ओढताना ती ताठ असते.