दार लावून घेतल्यावर

[दृश्य : पहाट. एक बंद दार. खालच्या फटीतून उजेडाची बारीक रेघ.]

प्रार्थनेवर फिल्म करायची म्हटलं की पहिली अडचण हीच. दाखवायचं काय? मिटलेले डोळे, जोडलेले हात, हलणारे किंवा न हलणारे ओठ. कॅमेऱ्याला दिसतं ते एवढंच. आणि ज्यानं प्रार्थना करायला शिकवलं, त्या येशूनं तर बजावूनच ठेवलंय : खोलीत जा, दार लावून घे, आणि मग गुप्तपणे पाहणाऱ्या तुझ्या पित्याशी बोल. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, सहावा अध्याय. त्यामुळे आज आमचा कॅमेरा बराच वेळ दाराबाहेर उभा राहणार आहे.

या ‘खोली’पाशी जरा थांबू. मूळ ग्रीक मजकुरात इथं जो शब्द आहे, ‘तामेइऑन’, त्याचा अर्थ कोठीची खोली. घराच्या आतल्या अंगाची, सामानसुमान साठवायची जागा. येशू हे सांगत होता तेव्हा सभास्थानात आणि चव्हाट्यावर उभं राहून, लोकांना दिसेल अशी प्रार्थना करणारी मंडळी त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्यांच्या समोर त्यानं काय ठेवलं, तर कोठी. जिथं पाहुण्याला कुणी नेत नाही, जिथला पसारा आवरायच्या आधी आपण दार ओढून घेतो, ती जागा. मला वाटतं, देवाशी जवळीक कुठून सुरू होते ते यातच आलं. बैठकीची खोली झाडून-पुसून ठेवली असेल, पण त्याला यायचंय ते कोठीत.

[दृश्य : अंधूक उजेडात डोंगरउतारावरची पायवाट.]

मार्कच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात, एक प्रसंग आहे. कफर्णहूम गाव. सूर्य मावळल्यावर लोक आजाऱ्यांना घेऊन आले, इतके की सगळं गाव दाराशी लोटलं. रात्र त्यातच गेली असणार. आणि दुसऱ्या दिवशी, अजून पुरतं उजाडलंही नव्हतं, तेव्हा येशू उठला, बाहेर पडला आणि एकांतात जाऊन प्रार्थना करू लागला. त्याचा शिष्य शिमोन आणि बाकीचे शोधत शोधत पोहोचले. म्हणाले, सगळे तुम्हाला शोधतायत.

या वाक्यातली घाई आपल्या ओळखीची आहे. सगळे शोधतायत, आणि तुम्ही इथं काय करताय? आपल्याला हे विचारायला आता शिमोनही लागत नाही, उशाशी ठेवलेला फोन ते काम करतो. येशू परत गर्दीकडे गेला नाही. म्हणाला, चला, आजूबाजूच्या गावांत जाऊ, तिथंही मला घोषणा करायची आहे. त्या पहाटे तो काय बोलला, मार्क सांगत नाही. पण उठताना दिवस कुठल्या दिशेनं काढायचा हे त्याचं ठरलेलं होतं, एवढं मात्र दिसतं.

‘देवाशी वैयक्तिक नातं’ हे शब्द आपण उपदेशांत इतके ऐकलेत की त्यांची धार गेली आहे. नातं म्हणजे नेमकं काय, हे माझ्या लक्षात आलं ते एका वहीमुळं.

[दृश्य : जुनी वही. पानावर मधोमध उभी रेघ.]

ही माझी वही. डावीकडे मागणं, उजवीकडे उत्तर मिळाल्याची तारीख. नोकरी, तारीख. आईचं ऑपरेशन, तारीख. भावाचं व्यसन, रिकामं. पुढच्या पानावर पुन्हा भावाचं व्यसन, पुन्हा रिकामं. काही वर्षांनी एकदा निवांत चाळायला घेतली, तेव्हा ध्यानात आलं की ही प्रार्थनेची वही नव्हेच, ही उधारीची वही आहे. देवाकडे माझं किती येणं आहे, त्याचा चोख हिशेब. तू कसा आहेस, तुला काय वाटतं, असं एकदाही विचारलेलं नाही. आभार आहेत, पण पावती फाडल्यासारखे. आणि भावाबद्दल मला देवाचा जो भयंकर राग आला होता, त्याचा तर कुठं उल्लेखच नाही. मागणं चूक होतं असं नाही. येशूनंच शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलेली आहे. पण रोज भेटून जो फक्त यादी हातात ठेवतो, त्याला आपण जवळचा माणूस म्हणू का?

तो राग बोलायला मला शिकवलं स्तोत्रसंहितेनं, बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकानं. एकशेपन्नास स्तोत्रं. आपल्याला तोंडपाठ असतं ते तेविसावं, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. भिंतीवर टांगायलाही तेच बरं. पण या संग्रहात विलापाच्या स्तोत्रांचा भरणा मोठा आहे. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांत चार वेळा एकच प्रश्न येतो : कुठवर? किती काळ तू मला विसरणार, किती काळ तोंड फिरवून बसणार? अठ्ठ्याऐंशीवं तर कुणी टांगायला धजणार नाही. ते शेवटपर्यंत सावरतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. आणि तरी हे पवित्र शास्त्रात आहे, उपासनेत म्हणायला ठेवलेलं आहे. म्हणजे देवाला बोल लावणारी ही प्रार्थना देवाच्याच घरात जपली गेली. त्यातही बोलणारा पाठ फिरवून निघून गेलेला नाही, तक्रार आहे ती थेट त्याच्या तोंडावर.

[दृश्य : उघडं पवित्र शास्त्र. एका ओळीवर स्थिरावलेलं बोट.]

बोलणं झालं. ऐकायचं कसं?

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या ग्रांद शार्त्रझ मठात गिगो नावाचा एक मठाधिपती होता, या नावाचा दुसरा. त्यानं वाचनाचं चार पायऱ्यांत वर्णन केलंय : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. हे चार शब्द पाठ करायची गरज नाही. मला आवडतो तो त्याचा दाखला. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं. मनन म्हणजे तो चावणं. प्रार्थनेत चव उतरते, आणि ध्यान म्हणजे निव्वळ गोडवा. मठांत या चावण्याला रवंथ करणं म्हणत, गायीगुरं करतात तेच. आपण करतो उलट. वर्षात अख्खं शास्त्र संपवायचं म्हणून दिवसाला तीन-चार अध्याय गिळतो आणि पानावर खूण करतो. संपूर्ण वाचावं, जरूर वाचावं. पण जवळीक त्या खुणांनी वाढत नाही.

रवंथ कसं करतात, ते प्रत्यक्षच बघू. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशू विचारतो : तुला बरं व्हायचंय का? बस, एवढंच वाक्य घ्या. सावकाश, पुटपुटत, पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा ते त्या माणसाला विचारलेलं असतं. चौथ्या-पाचव्यांदा कुठंतरी ते आपल्याकडे वळतं. तुला, बरं व्हायचंय का? आणि मग पंचाईत होते, कारण प्रामाणिक उत्तर बऱ्याचदा ‘ठाऊक नाही’ असं असतं. तेच बोलायचं. तिथं वाचन संपलेलं असतं आणि प्रार्थना सुरू झालेली असते, कुठली पायरी चढलो ते कळतही नाही.

[दृश्य : भिंतीवरचं घड्याळ. काटा. बराच वेळ काहीच घडत नाही.]

आता कुणी फारसं न सांगणारी गोष्ट. कंटाळा.

स्पेनमधल्या आविलाची संत तेरेजा. जन्म 1515. प्रार्थनेबद्दल ख्रिस्ती जगात ज्यांचा शब्द प्रमाण मानतात त्यांच्यातली एक. तिनं स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिताना कबूल केलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचं लक्ष देवाकडे कमी आणि घड्याळाचा टोल कधी पडतोय याकडे जास्त असायचं. तास संपावा म्हणून ती वाट बघायची. प्रार्थनेच्या खोलीत पाऊल टाकतानाच मन उदास व्हायचं. ती तरीही बसत राहिली.

तिनंच पुढं बागेचा दाखला दिला. आत्मा म्हणजे बाग, प्रार्थना म्हणजे तिला पाणी घालणं. सुरुवातीला विहिरीतून पोहऱ्यानं शेंदायचं : हात भरून येतात, पाणी ओंजळभर. नंतर रहाट मिळतो, कष्ट कमी, पाणी जास्त. पुढं ओढ्याचं पाणी आपसूक वाहत येतं. आणि शेवटी पाऊस, ज्यात माळ्याचं काहीच कर्तृत्व नाही. या दाखल्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट पावसाची नाही. कधीकधी विहीरच कोरडी असते, पोहरा रिकामा वर येतो, असं ती म्हणते. तेव्हा माळ्यानं काय करायचं? बागेतच थांबायचं. बाग त्याची नाही, धन्याची आहे. धन्याला खूश करायला तो आलाय, मग पाणी लागो न लागो.

हे वाचल्यावर माझं एक ओझं उतरलं. आज ‘काही वाटलं नाही’ म्हणजे प्रार्थना फुकट गेली, असं मी धरून चालत होते. अंगावर रोमांच, डोळ्यांत पाणी, तरच देव आला होता म्हणायचं. पण घरातल्या माणसाबरोबर रोजचं राहणं असं रोमांचांवर चालत नाही. आपण शेजारी बसतो, कधी बोलतो, कधी नाही. उठून गेल्यावर मात्र त्याची जागा रिकामी दिसते.

[दृश्य : जैतुनाच्या झाडांचे वळलेले, गाठाळ बुंधे. रात्र.]

येशूच्या तोंडचा ‘अब्बा’ हा अरामी शब्द चारही शुभवर्तमानांत मिळून फक्त एकदा येतो. अब्बा म्हणजे बाबा. लेकरं वडिलांना म्हणायची आणि ती मोठी झाल्यावरही म्हणत राहायची. देवाला इतक्या घरगुती शब्दानं हाक मारलेली नोंदली गेली, ती कुठल्या प्रसन्न सकाळची असेल असं वाटतं. ती आहे यरुशलेमजवळच्या गेथशेमाने बागेतली. येशूला अटक झाली ती रात्र, अटकेच्या थोडं आधी. गेथशेमाने या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. अब्बा, तुला सर्व काही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर. आणि मग, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.

मधला हा ‘तरी’ आपण फार लवकर गाठतो. सभेत प्रार्थना करताना तर पहिल्याच वाक्यात, म्हणजे नंतर निराशा नको. येशूनं आधी मागितलं. मनापासून, जमिनीवर पडून मागितलं. मत्तय म्हणतो, त्यानं तीन वेळा जाऊन तेच शब्द पुन्हा उच्चारले. तो प्याला, म्हणजे समोर उभं असलेलं दुःख आणि मरण, टळला नाही. पण हाक ‘अब्बा’च राहिली. माझ्या वहीत अशा रात्रीसाठी रकानाच नव्हता.

आणि थोड्या अंतरावर त्याचे जिवाभावाचे तिघे शिष्य झोपले होते.

[दृश्य : स्वयंपाकघर. भांड्यांचा आवाज. साबणाच्या फेसात बुडालेले हात.]

दार लावून घेणं झालं. पण दिवसाचे बाकीचे तास दाराबाहेरचे असतात.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता. पूर्वाश्रमीचा सैनिक, जखमेमुळं लंगडणारा. त्याला स्वयंपाकघरात घातलं गेलं, ज्या कामाचा त्याला मनापासून तिटकारा होता. तिथं त्यानं पंधरा वर्षं काढली. त्याची रीत अगदी साधी : काम चालू असताना देवाशी बोलत राहायचं, लहान-लहान वाक्यांत, जसं शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं. मन भरकटलं की स्वतःला शिव्या देत बसायचं नाही, हाताला धरून परत आणायचं. तो म्हणायचा की प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला फरक जाणवत नाही, भांड्यांच्या खडखडाटातही देव तितकाच जवळ असतो. हे ऐकून कुणी म्हणेल, मग दार लावून बसायचं कशाला, काम करता करता भागेल की! मीही बरेच दिवस असं भागवलं. भागत नाही. ब्रदर लॉरेन्सचा दिवस मठातला होता, ठरलेल्या प्रार्थना त्याला चुकल्या नव्हत्या. ज्याच्याशी कधी निवांत बसलोच नाही, त्याच्याशी भांडी घासताना गप्पा होत नाहीत.

[दृश्य : पुन्हा तेच बंद दार. फटीतली रेघ आता फिकट, कारण बाहेर उजाडलंय.]

या दारामागं सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत. चाळीसेक वर्षं त्या रोज पहाटे इथं बसतात. आत कॅमेरा आणायला त्यांनी हसून नकार दिला, आम्हीही आग्रह धरला नाही. पाऊण तास आम्ही बाहेर थांबलो. मध्ये एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एकदा खोकला. पान उलटल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही.

[दृश्य : कडी वाजते. दार उघडतं. चष्मा पुसत आजी बाहेर येतात.]

आम्ही विचारलं, आजी, आज काय झालं आत?

म्हणाल्या, ‘‘काही नाही गं. नातवाचं सांगत होते त्याला. सांगता सांगता डोळा लागला.’’

मग चष्मा डोळ्यांवर चढवला, वळून दार नुसतं लोटून घेतलं, कडी न लावता, आणि कामाला लागल्या.