ठोका चुकतो तेव्हा अंगावर काय असतं?

काळजाचा ठोका चुकला, असं आपण सहज बोलून जातो. इथे कितीजणांचा खरोखर चुकलाय? हात वर करा... बरेच आहेत. आता, त्या क्षणी ज्यांच्या छातीला ईसीजीच्या वायरी लावलेल्या होत्या, त्यांनीच हात वर ठेवा. एकही नाही! माझा विषय तिथूनच सुरू होतो.

मी डॉक्टर नाही, कापडाचा अभियंता. ईसीजी नोंदवणारं बनियन बनवतो. या वाटेला लागलो आईमुळे. तिला मधूनच धडधड व्हायची. दहा मिनिटं चालायची आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी नॉर्मल. मग २४ तासांचं होल्टर, म्हणजे सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावलं. छातीवर चिकटपट्ट्या, कमरेला डबी, अंघोळ बंद. नेमक्या त्या २४ तासांत तिचं हृदय पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं शहाण्यासारखं वागलं. ‘फार मनाला लावून घेता,’ असं तिला सांगण्यात आलं. डबी परत केली आणि तिसऱ्याच दिवशी पुन्हा धडधड. पण या वेळी ती कुणाला बोललीच नाही. चुकली होती यंत्राची वेळ, आणि दोष लागला तिच्या मनाला. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पुढे निदान झालं: एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका सुमारे पाचपट वाढतो.

होल्टरला मी नावं ठेवत नाही हं. नॉर्मन होल्टर यांचं १९४०च्या दशकातलं पहिलं यंत्र पाठीवर घ्यावं लागे, वजन जवळपास ३८ किलो! त्याआधी ईसीजीचे जनक आईन्थोव्हेन रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून ईसीजी काढत. हे मिठाचं पाणी लक्षात ठेवा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मुख्य मुद्दा, भराभर सांगतो. चांदीचा मुलामा दिलेलं सूत बनियनमध्ये विणलं की तेच इलेक्ट्रोड होतं, म्हणजे हृदयाचा विद्युत संकेत टिपणारं टोक. त्वचेवरचा संकेत जेमतेम एक मिलिव्होल्टचा. कोरड्या त्वचेवर तो नीट मिळत नाही, घाम आला की सुधारतो. आईन्थोव्हेनचं मिठाचं पाणी ते हेच! खरा शत्रू हालचाल. कापड सरकलं की संकेत बिघडतो, म्हणून बनियन घट्ट हवं, पण रात्री काढून फेकावंसं वाटेल इतकं नको. माझी सगळी मेहनत त्या मधल्या जागेसाठी आहे. घड्याळातला ईसीजी बोट टेकवलं तरच निघतो. बनियन झोपेतही नोंद ठेवतं. पी-लहर, म्हणजे वरचे कप्पे नीट आकसल्याची खूण, गायब आणि ठोक्यांमधलं अंतर बेहिशेबी, हे त्या नोंदीत दिसतं. निदान मात्र ती नोंद वाचून डॉक्टरांनीच करायचं.

सरसकट सगळ्यांनी घालावं का? नाही. २०२१च्या लूप अभ्यासात त्वचेखालच्या यंत्राने हा विकार कितीतरी जास्त जणांत सापडला, पण पक्षाघात ठोसपणे कमी झाल्याचं दिसलं नाही. माझा आग्रह आहे तो आईसारख्यांसाठी, ज्यांची धडधड तपासणीच्या वेळी हजर राहत नाही.

घंटा झाली. ते बनियन मी बाहेर टेबलावर ठेवलंय. सुरुवातीला हात वर केलेल्यांनी आधी या.