रुळांमधले ८९ मिलिमीटर

मंडळी, पडद्यावरचा हा दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनी-सोव्हिएत लढ्याचा नकाशा तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणार. १९४१ साली पूर्वेकडे निघालेले जर्मनांचे जाड निळे बाण आणि दोन वर्षांनी उलटे फिरलेले सोव्हिएतांचे तांबडे बाण. बाणांच्या खाली बारीक काळ्या रेघा आहेत, त्या रेल्वेच्या. आज बाण बाजूला ठेवून त्या रेघा वाचायच्या आहेत. मॉस्को, स्टालिनग्राड, कुर्स्क, बेलारूस. यातल्या कुठल्याही लढाईत सेनापती कोण होता हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: सैन्य आपल्या शेवटच्या मालधक्क्यापासून किती लांब लढत होतं? पानिपताची हकिगत ऐकत वाढलेल्या माणसाला रसद तुटणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. इथे फक्त अंतरं मोठी आहेत आणि बैलांच्या जागी इंजिनं आहेत.

२२ जून १९४१ ला जर्मनीने हल्ला केला. सुमारे तीस लाख सैनिक, साडेतीन हजारांच्या आसपास रणगाडे, सहा लाख वाहनं. आणि सहा लाखांहून जास्त घोडे! प्रचारपटांत रणगाडे दिसतात, पण बहुतेक पायदळ डिव्हिजनांच्या (डिव्हिजन म्हणजे हजारो सैनिकांचं एक मोठं दल) तोफा घोडे ओढत होते. एका घोड्याला दिवसाला १० किलो दाणावैरण धरली तरी रोजचे ६,००० टन झाले. एवढी वैरण जर्मनीतून आणणं शक्य नव्हतं, त्यामुळे घोड्यांनी वाटेवरच्या शेतांवर जगायचं हे गृहीत धरलेलं होतं. शेतांवर जगणारं जनावर हिवाळ्यात मरतं.

आता रूळ. जर्मन रुळांमधलं अंतर १,४३५ मिलिमीटर, रशियन रुळांमधलं १,५२४. फरक ८९ मिलिमीटर, म्हणजे चार बोटं. आपली ब्रॉडगेज १,६७६ ची, रशियापेक्षाही रुंद. मीटरगेजच्या काळात मिरजेसारख्या जंक्शनवर एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढणारा माल ज्यांनी पाहिला असेल त्यांना या चार बोटांची किंमत ठाऊक आहे.

बऱ्याच लेखांत गेज बदलणं हीच मोठी अडचण होती असं लिहिलेलं असतं. मला ते अर्धवट वाटतं. रुळांखालचे रशियन स्लीपर लाकडी होते आणि रूळ त्यांना खिळ्यांनी ठोकलेले. एका बाजूचे खिळे उपटायचे, तो रूळ ८९ मिलिमीटर आत सरकवायचा, पुन्हा ठोकायचा. मोकळ्या मार्गावर हे काम झपाट्याने होतं. वेळ जातो स्थानकात, कारण गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा तिथला प्रत्येक सांधा नव्याने जुळवावा लागतो. खरी गोची त्यानंतर सुरू होते. रशियन इंजिनं आकाराने मोठी, त्यांचे टेंडर, म्हणजे इंजिनामागचे कोळसा-पाण्याचे डबे, तेही मोठे, म्हणून कोळसा-पाणी भरायची ठाणी दूरदूर. लहान टेंडरचं जर्मन इंजिन त्या अंतरात कोरडं पडतं. म्हणजे रूळ सरकवून भागत नाही. मध्ये पाण्याची नवी ठाणी बांधा, पंप बसवा, कोळसा साठवा. शिवाय माघार घेताना रशियनांनी इंजिनं आणि डबे पूर्वेकडे नेलेले, त्यामुळे जिंकलेल्या रुंद रुळांवर चालवायला फारसं काही हाती लागत नव्हतं.

मालधक्क्यापासून पुढे ट्रक. साधा हिशेब करू. चिलखती डिव्हिजनला धामधुमीच्या दिवशी सुमारे ३०० टन माल लागतो असं धरा. एका ट्रकमध्ये तीन टन, म्हणजे शंभर खेपा. धक्का ५०० किलोमीटर मागे असेल तर जाऊन-येऊन हजार. रशियातल्या त्या वेळच्या रस्त्यांवर दिवसाला १५० किलोमीटर चाललं तरी नशीब, म्हणजे एका खेपेला आठवडा. रोज शंभर ट्रक पोचवायचे तर सातशे ट्रक फिरते हवेत, आणि हे फक्त एका डिव्हिजनसाठी, नादुरुस्त गाड्या सोडून. ट्रक स्वतः पेट्रोल पितो ते वेगळंच. जर्मनांकडे युरोपभरातून गोळा केलेली सुमारे २,००० प्रकारची वाहनं होती. फ्रेंच गाडीचा क्लच मोडला की बाजूच्या जर्मन गाडीचा भाग बसत नाही. त्यात धूळ. फिल्टर तुंबतात, इंजिनं तेल पिऊ लागतात. म्हणूनच सीमेपासून तीनशे ते पाचशे किलोमीटरांत शत्रूचं मुख्य सैन्य संपवायचं हे योजनेचं गृहीत होतं. स्मोलेन्स्क जुलैच्या मध्यालाच पडलं, पण सैन्य संपलं नाही.

ऑगस्टअखेर जर्मन सेनापती गुडेरियनचे रणगाडे दक्षिणेला कीवकडे वळवले, तो हिटलरचा घोडचुकीचा निर्णय अशी एक लाडकी मांडणी आहे. जर्मन सेनापतींनी युद्धानंतर ती हौसेने पसरवली. पण मध्य आघाडीला रोज साधारण ३० मालगाड्या लागत होत्या आणि तेवढ्या येत नव्हत्या. मॉस्कोच्या चढाईसाठी साठा करायला तसेही काही आठवडे थांबावंच लागलं असतं. कीवला सहा लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक वेढ्यात गेले. त्यांना बाजूवर तसंच सोडून मॉस्कोला निघणं शहाणपणाचं झालं असतं, असं मला वाटत नाही.

मॉस्कोवरची चढाई सप्टेंबरच्या शेवटी सुरू झाली. व्याझ्मा आणि ब्र्यान्स्कला पुन्हा प्रचंड वेढे पडले. मग ऑक्टोबरचा चिखल. रशियनमध्ये या मोसमाला रास्पुतित्सा म्हणतात, वाटा नाहीशा होण्याचा काळ. नोव्हेंबरात जमीन गोठली, गाड्या चालू लागल्या, पण रेल्वे बसली. जर्मन इंजिनांच्या पाण्याच्या नळ्या बाहेरच्या बाजूला होत्या. थंडीत त्या गोठून फुटल्या आणि इंजिनांचा मोठा हिस्सा एकदम बंद पडला. ज्या थोड्या गाड्या पुढे येत होत्या त्यांत काय भरायचं? दारूगोळा, पेट्रोल, की गरम कपडे? कपडे वॉर्साच्या गोदामांत पडून राहिले. समोर मॉस्को हे अख्ख्या देशाच्या रेल्वेचं केंद्र. पूर्वेकडून आलेल्या डिव्हिजना शहराच्या वेशीजवळ गाडीतून उतरत होत्या. ५ डिसेंबरला सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला, तेव्हा रशियनांचा मालधक्का त्यांच्या पाठीशी होता आणि जर्मनांचा शेकडो किलोमीटर मागे.

स्टालिनग्राडवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे. तिथे हिशेबाची वही उघडी दिसते म्हणून. मुंबईच्या कामगारवस्त्यांत या लढाईवर पोवाडे गायले गेले, ते घराघरातल्या झुंजीचे. ती झुंज खरीच होती, पण निकाल शहराबाहेर लागला.

१९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य तेलासाठी दक्षिणेला निघालं. मायकोप ९ ऑगस्टला हाती आलं, तर विहिरी आधीच उद्ध्वस्त केलेल्या. २३ ऑगस्टला रणगाडे स्टालिनग्राडच्या उत्तरेला व्होल्गाकाठी पोचले. याच काळात सोव्हिएत रेल्वे कामगार व्होल्गाला समांतर असा सुमारे हजार किलोमीटरचा मार्ग टाकत होते, इलोव्ल्यापासून कझानजवळच्या स्वियाझ्स्कपर्यंत. रूळ कुठून आणले? सैबेरियात बांधायला घेतलेल्या बैकाल-आमूर मार्गाचे टाकलेले रूळ उपटून. स्टालिनग्राडवर चालून आलेल्या जर्मन सेनापती पाउलुसच्या सहाव्या सैन्याला वेढणाऱ्या फौजा जमवायला हा मार्ग कामी आला.

१९ नोव्हेंबरला सेराफिमोविच आणि क्लेत्स्काया इथल्या डॉन नदीपलीकडच्या ताब्यात ठेवलेल्या ठाण्यांवरून सोव्हिएत हल्ला झाला तो जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या रुमानियन तिसऱ्या सैन्यावर. त्यांच्या मदतीला जर्मनांची २२ वी चिलखती डिव्हिजन राखीव होती. पेट्रोल वाचवायला तिचे रणगाडे बरेच दिवस बंद ठेवून गवत-पेंढ्याने झाकले होते. पेंढ्यात उंदीर झाले आणि त्यांनी विजेच्या तारा कुरतडल्या. शंभराच्या वर रणगाड्यांपैकी निम्म्याहून कमी सुरू झाले. गंमत म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, पण मूळ कारण उंदीर नव्हे. इंजिन अधूनमधून चालू करायलाही पेट्रोल नव्हतं, हे ते कारण.

२३ नोव्हेंबरला चिमटा मिटला आणि अडीच लाखांहून अधिक माणसं आत अडकली. सहाव्या सैन्याने आपले बहुतेक घोडे हिवाळ्यासाठी, वैरण वाचावी म्हणून, आधीच पश्चिमेला पाठवलेले. त्यामुळे बाहेर पडायचा हुकूम आला असता तरी तोफा ओढणार कोण?

मग विमानांनी रसद पुरवायचं ठरलं. त्याच वर्षी देम्यान्स्कला वेढलेल्या सुमारे एक लाख माणसांना रोज ३०० टनांच्या आसपास माल विमानांनी पुरवून जगवलं होतं. तोच दाखला डोळ्यांसमोर. स्टालिनग्राडला किमान ५०० टन हवे होते. युंकर्स ५२ विमान साधारण दोन टन नेतं, म्हणजे रोज २५० विमानं आत उतरली पाहिजेत. कडाक्याच्या थंडीत शंभरातली तीस-चाळीस विमानं उडण्याजोगी असतात, म्हणजे ताफा सहाशे-आठशेंचा हवा. तेवढा नव्हताच. पहाटे इंजिन सुरू करायला तेल पातळ करा, गरम हवेचे नळ लावा, यात तास जातात, आणि डिसेंबरचा दिवस आधीच आखूड. परतीचं पेट्रोलही न्यायचं. आत उतरवलेला माल धावपट्टीवरून खंदकापर्यंत न्यायला ट्रकना पेट्रोल लागतंच. सर्वांत चांगला दिवस १९ डिसेंबर: १५४ विमानं, २८९ टन. सगळ्या दिवसांची सरासरी जेमतेम ११७ टन.

२४ डिसेंबरला सोव्हिएत सेनापती बादानोवचे रणगाडे तात्सिन्स्कायाच्या विमानतळावर घुसले, जिथून ही रसद उडत होती. धुक्यात जी विमानं उडाली ती वाचली. बादानोवचं दळही नंतर इंधनाविना वेढ्यात सापडलं. रसदेचा नियम दोन्ही बाजूंना सारखा. पण जर्मन तळ मागे सरकला, अंतर वाढलं, खेपा घटल्या. १६ जानेवारीला वेढ्यातली पितोम्निकची धावपट्टी गेली, आठवड्याभरात गुमराकची. त्यानंतर पॅराशूटने टाकलेले डबे बर्फात शोधायचे. २ फेब्रुवारी १९४३ ला उरलेल्यांनी शस्त्रं ठेवली. सुमारे ९१,००० कैदी. त्यांतले पाच-सहा हजार घरी परतले.

कुर्स्कचं मी थोडक्यात सांगतो, कारण तिथल्या प्रोखोरोव्काच्या ‘सर्वांत मोठ्या रणगाडा-युद्धा’वर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. १२ जुलै १९४३ ला तिथे सोव्हिएत सेनापती रोतमिस्त्रोवच्या रणगाड्यांचं भयंकर नुकसान झालं. काही टी-३४ रणगाडे तर आपल्याच बाजूने खणलेल्या चरात कोसळले. जर्मनांची हानी त्या मानाने थोडी होती. तरीही जर्मन पुढे जाऊ शकले नाहीत. सोव्हिएत बाजूने मोक्याच्या पट्ट्यांत दर किलोमीटरला सरासरी १,५०० रणगाडाविरोधी आणि १,७०० पायदळविरोधी सुरुंग पेरले होते. सुरुंग रणगाडा क्वचितच पुरता नष्ट करतो, साखळी तोडतो. साखळी जोडता येते, पण आधी रणगाडा मागे ओढावा लागतो. जर्मनांचा नवा पँथर रणगाडा ४५ टनांचा. त्याला ओढायला १८ टनी तीन ट्रॅक्टर लागत. घाईने मैदानात आणलेल्या २०० पँथरपैकी १० जुलैच्या संध्याकाळी आघाडीवर दहाच्या आसपास धडधाकट उरले होते. बाकीचे सुरुंगांनी, तोफांनी आणि स्वतःच्या इंजिनांनी अडवले. पाण्यातून जाता यावं म्हणून इंजिनाची खोली बंदिस्त केली होती, तिथे उष्णता कोंडून आगी लागत. त्याच उन्हाळ्यात आघाडीच्या मागे स्तारी ओस्कोल ते र्झावा हा ९५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आसपासच्या गावकऱ्यांनी, त्यात बायकाच जास्त, महिनाभरात टाकला.

१९४३ पासून माघार घेताना जर्मनांनी एक यंत्र वापरलं. इंजिनामागे जोडलेला पोलादी आकडा, चालता चालता स्लीपर मधोमध मोडत जाणारा. रेल्वेचा नांगरच तो. रूळ सरकवणं सोपं, पण ज्यावर ठोकायचं ते लाकूडच राहिलं नाही तर?

तरीही २३ जून १९४४ ला बेलारूसमध्ये सुरू झालेला हल्ला पाच-सहा आठवड्यांत पाचशेहून अधिक किलोमीटर सरकला. त्याआधी, २० जूनच्या पहाटेपर्यंत, पार्टिझनांनी, म्हणजे सोव्हिएत गनिमी टोळ्यांनी, जर्मनांच्या मागचे रूळ हजारो ठिकाणी उडवले होते. सोव्हिएत सेनापती रोकोसोव्स्कीच्या माणसांनी दलदलीतून ओंडक्यांचे रस्ते टाकले. ३ जुलैला मिन्स्क मुक्त झालं. या वेळी रशियनांकडे अमेरिकन स्टुडेबेकर ट्रक होते, एक लाखाहून अधिक; तिन्ही आसांना इंजिनाचा जोर, म्हणून चिखलात चालणारे. शिवाय अमेरिकेने सुमारे १,९०० इंजिनं पाठवली. या मदतीचा एक रस्ता इराणमधून जात होता. १९४१ च्या ऑगस्टमध्ये तो उघडणाऱ्या फौजांत भारतीय डिव्हिजना होत्या. कराचीहून रेल्वेने इराणमधलं झाहेदान आणि तिथून ट्रकने मशहद अशी एक वाट भारतीय चालकांनी चालवली. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमधल्या दोघांना यासाठी सोव्हिएत ‘रेड स्टार’ पदक मिळालं.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये हे सोव्हिएत सैन्य पोलंडमधल्या विस्तुला नदीकाठी येऊन थांबलं. जर्मनांविरुद्धच्या वॉर्साच्या उठावाला स्तालिनने मदत का केली नाही हा राजकारणाचा प्रश्न आहे आणि रसद हे त्याचं पूर्ण उत्तर नव्हे. पण मालधक्के मागे राहिले होते हेही खरं. आता ८९ मिलिमीटर सरकवायची पाळी रशियनांची होती, उलट्या बाजूला. सोव्हिएत रेल्वे पथकांनी पोलंडमधून रूळ रुंद करत आणले. १२ जानेवारी १९४५ ला पुढची चढाई सुरू झाली, आणि रुंद रूळ सैन्याच्या मागोमाग ओडर नदीकडे सरकत गेले. जुलैत बर्लिनजवळच्या पोट्सडामच्या परिषदेला स्तालिन आगगाडीने गेला. सीमेवर त्याला गाडी बदलावी लागली नाही.