मेगापिक्सेल किती हवेत? आधी सांगा, फोटो जाणार कुठे?

नमस्कार! नवा कॅमेरा घ्यायला निघालेला जवळपास प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो, "चोवीस मेगापिक्सेलचा घेऊ की पंचेचाळीसचा?" आणि मी दरवेळी उलट विचारतो, "फोटो जाणार कुठे?"

थोडी आकडेमोड करूया, सोपी आहे. फोटो ज्या बारीक ठिपक्यांनी बनतो ते पिक्सेल, आणि असे दहा लाख म्हणजे एक मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ६००० आणि उभे ४००० पिक्सेल असतात. हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल पुरतात. म्हणजे २० इंच रुंद प्रिंट आरामात निघाली. ए-फोर कागदाला पावणेनऊ मेगापिक्सेल बास होतात. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा भरायला तर सव्वाआठच लागतात.

"मग मोठं पोस्टर?" पोस्टर आपण नाक लावून बघत नाही. बघायचं अंतर दुप्पट झालं की लागणारी पिक्सेलची दाटी निम्म्यावर येते. दहा फुटांवरून बघायच्या पोस्टरला इंचाला ३० पिक्सेलही चालतात. दहा फूट रुंद पोस्टर म्हणजे १२० इंच, त्याला ३० ने गुणा, झाले ३६००. तुमच्या चोवीसच्या कॅमेऱ्यात ६००० आहेत!

आता चोवीसवरून पंचेचाळीस. ऐकायला दुप्पट वाटतं ना? २०१७ साली आलेल्या निकॉन डी८५० चा फोटो ८२५६ पिक्सेल रुंद असतो. ६००० वरून ८२५६, म्हणजे रुंदीत साधारण ३८ टक्के वाढ. खरोखर दुप्पट तपशील हवा असेल तर रुंदीही दुप्पट हवी आणि उंचीही. तिथे आकडा ९६ वर जातो.

मग जास्त मेगापिक्सेल घेणारे चुकतात का? अजिबात नाही. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना विचारा. पक्षी तुमच्या लेन्सच्या सोयीने जवळ येत नाही. फ्रेमची निम्मी रुंदी आणि निम्मी उंची ठेवून बाकी कापलं, की हातात एक चतुर्थांश पिक्सेल उरतात. २४ चे सहा होतात, ४५ चे अकरा, ६१ चे पंधरा. सहा आणि पंधरा यांतला फरक पिसांवर दिसतो. निसर्गदृश्यं मोठी छापणारे, जुनी चित्रं आणि हस्तलिखितं डिजिटल करणारे, यांनाही एकेक पिक्सेल हवा असतो. त्यांची गरज खरी आहे.

पण त्या पिक्सेलमध्ये तपशील पोचला पाहिजे, आणि घोडं इथेच अडतं. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चकती. ६१ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरवर एक पिक्सेल पावणेचार मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तुम्ही ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, लहान करत एफ १६ वर नेलंत, की विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, एका बिंदूचा सुमारे २१ मायक्रॉनचा ठिपका होतो. म्हणजे एक बिंदू पाच-सहा पिक्सेलभर पसरला. लेन्स कितीही भारी घ्या, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, तो चुकवता येत नाही. हात हलण्याचंही तसंच. ४०० मिलिमीटरच्या लेन्सला सेकंदाच्या चारशेव्या भागाचा शटर स्पीड पुरतो, हा नियम फिल्मच्या काळातला. पंचेचाळीसच्या सेन्सरवर तो फोटो शंभर टक्के झूम करून बघा, हलल्याचं लगेच दिसतं. मी निदान आठशेवा भाग तरी ठेवतो.

शिवाय फाईली. पंचेचाळीसची रॉ फाईल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची मूळ फाईल, दर्जा न घटवता कॉम्प्रेस केलेली, साधारण ५० एमबी. हजार फोटो म्हणजे ५० जीबी, आणि बॅकअप धरला की शंभर. उद्या सकाळपर्यंत निवडून द्यायचे असतील तर हा भार जाणवतो.

म्हणून कामावर असलेला फोटोग्राफर काय मागतो? सगळ्यात आधी फोकस. डोळा ओळखून त्यावर चिकटून राहणारा ऑटोफोकस आला आणि माझे वाया जाणारे फोटो जितके कमी झाले, तितके कुठल्याही सेन्सरने केले नव्हते. नजर जराशी चुकून कानावर फोकस बसला, तर ६१ मेगापिक्सेलमध्ये तुम्हाला फक्त कान सुरेख दिसतो.

दुसरी मागणी, दोन कार्ड स्लॉट. यावर मी हटून बसतो. एका समारंभाचं अख्खं कार्ड माझ्या हातात मेलं होतं. कॅमेऱ्यात एकच स्लॉट होता. समोरच्या माणसाला फोन करून ते सांगताना माझा घसा कोरडा पडला होता, आणि ते क्षण काही परत आले नाहीत. त्या दिवसापासून प्रत्येक फोटो दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिला जातो.

बाकी बॅटरी, बफर (कार्डावर लिहिले जाईपर्यंत फोटो धरून ठेवणारी कॅमेऱ्याची मेमरी), डोळ्याला लावल्या लावल्या जागा होणारा व्ह्यूफाइंडर. आणि अंधारात न बघता बोटाला सापडणारी बटणं! मेनूत सातव्या पानावर लपवलेला पर्याय ऐन वेळी नसल्यासारखाच.

सोनीचा ए७एस थ्री आठवतो? २०२० साली, स्पर्धा चाळीस-साठच्या आकड्यांवर असताना, तो फक्त १२ मेगापिक्सेल घेऊन आला, आणि अंधारात व्हिडिओ करणाऱ्यांनी तो उचलला. काम ठरलेलं असलं की कमी आकडाही पुरतो.

माझी स्वतःची मागणी विचाराल तर एकाच कॅमेऱ्यात निवड हवी. लायका एम११ मध्ये, २०२२ पासून, पूर्ण सेन्सर वापरूनच रॉ फाईल ६०, ३६ किंवा १८ मेगापिक्सेलची ठेवता येते. डोंगरावर ६०, कार्यक्रमात १८. ही सोय प्रत्येक कॅमेऱ्यात, दर्जा न घटवता, हवी असं मला मनापासून वाटतं.

तोवर एक काम करा. कॅमेरा निवडण्याआधी तुमचे गेल्या महिन्यातले नापास फोटो उघडा. डिलीट केले असतील तर पुढचा महिनाभर ठेवा. प्रत्येकापुढे कारण लिहा: फोकस चुकला, हात हलला, बटण दाबायला उशीर झाला, की कापल्यावर पिक्सेल अपुरे पडले. चार रकाने पुरतात. तुमचा कुठला रकाना सगळ्यात लांब झाला, ते खाली लिहून कळवा. पुढच्या व्हिडिओत तिथूनच सुरुवात करतो.